पूर येण्याआधीच 'नंतरचं' ठरवून ठेवलंय का कुणी?

नदीकाठचा सेक्रेटरी (धागाकर्ता) | २ जून, सकाळी ९:१४

नमस्कार मंडळी,

सिंहगड रस्त्याच्या नदीकडच्या अंगाला आमची सोसायटी. ८४ फ्लॅट, दोन विंग. २५ जुलै २०२४ ला खडकवासल्यातून ३५ हजार क्युसेकच्या आसपास पाणी सोडलं त्या पहाटे आमचं पार्किंग छातीपर्यंत भरलं. बोटी आल्या, जवान आले, कॅमेरे आले, खिचडी आली. त्यावर भरपूर धागे झालेत, हा त्यासाठी नाही.

हा नंतरचा आहे. चौथ्या दिवशी पुढारी यायचे थांबले, आठव्या दिवशी खिचडी. लिफ्ट सुरू व्हायला साडेतीन महिने लागले. सातव्या मजल्यावरच्या काकू तेवढे दिवस लेकीकडे होत्या, त्या तिकडेच राहिल्या. तळमजल्यावरचा इस्त्रीवाला गेला तो गेलाच. आणि गाळ काढायचा खर्च कुणी किती द्यायचा यावरून ए आणि बी विंगचं अजून धड बोलणं नाही. गणपतीची आरतीसुद्धा वेगळी होते!

आमच्याकडे आपत्तीची एक फाइल आहे. त्यात फोन नंबर, दोर, शिडी, टॉर्च. पाणी उतरल्यावर काय करायचं याचं त्यात एक पान नाही. यंदाच्या जनरल बॉडीत मला ते पान मांडायचंय. पुढची दोन वर्षं कोण काय करणार, पैसे कुठून, कुणाचं आधी, कुणाचं नंतर. डोकं ठिकाणावर असताना ठरवलेलं बरं, चिखलात उभं राहून फक्त भांडणं होतात. तर काय काय लिहू?

---

खडूस कोथरूडकर | २ जून, ९:३१

पहिलं पान : नदीत घर घेऊ नये. दुसरं पान कोरं ठेवा.

---

मुक्ता_ | २ जून, ९:४०

वाचतेय. आमचंही नदीपासून तीनशे मीटर.

---

नदीकाठचा सेक्रेटरी | २ जून, ९:५२

@कोथरूडकर, सल्ला बावीस वर्षं उशिरा मिळाला. घर घेताना आम्हाला हिरवळ दाखवली होती, कुठली पूररेषा नव्हती दाखवली.

---

नारायणपेठी | २ जून, ११:०५

कोथरूडकरांना सांगा, १९६१ साली आम्हीही नदीत घर घेतलं नव्हतं. वाडा पणजोबांचा होता, नदी आत आली.

१२ जुलै, बुधवार. मी आठ वर्षांचा. पानशेत फुटलं, त्या लोंढ्यानं खालचं खडकवासला फुटलं आणि पाणी पेठांत शिरलं. हे सगळ्यांना पाठ आहे. पुढचं कुणी विचारत नाही. शहराचं नळाचं पाणी खडकवासल्याचंच. म्हणजे पूर ओसरला आणि प्यायला पाणी नाही! ज्या वाड्यांत विहिरी बुजवल्या नव्हत्या त्यांच्या दारात रांगा. वीज नाही. आई चिखलातून पितळी भांडी शोधत होती आणि शेजारच्या काकू म्हणत होत्या, "अहो ते तपेलं आमचं." त्यावरून दोघी वर्षभर बोलल्या नाहीत, तेव्हा सेक्रेटरीसाहेब, तुमच्या ए आणि बी विंगचं मनाला लावून घेऊ नका.

वाड्यात नऊ बिऱ्हाडं होती. कोण नातेवाइकांकडे गेलं, कोण शाळेत, आम्ही काही महिन्यांनी निसेन हटमध्ये. अर्धगोल पत्रा, उन्हाळ्यात भट्टी. 'तात्पुरती सोय' असं सांगितलं होतं. तात्पुरती या शब्दाचा अर्थ मी तिथे शिकलो. पुढे सहकारनगर, गोखलेनगर अशा भागांत पूरग्रस्तांच्या सोसायट्या झाल्या, शंभरावर. घरं मिळाली, चांगली मिळाली, सरकारला नावं ठेवणार नाही. पण त्या जमिनींच्या मालकी हक्काचा प्रश्न नातवंडांची लग्नं झाली तरी चालूच होता. आणि नऊ बिऱ्हाडांपैकी कुठलीही दोन परत शेजारी आली नाहीत.

वाड्याच्या भिंतीवर पाण्याची रेघ राहिली होती. वडिलांनी तिच्यावर खिळ्यानं तारीख कोरली. आजी दर जानेवारीत बरोब्बर तिच्यावर कॅलेंडर लावायची.

---

अनुजा पाध्ये-नव्हे | २ जून, ११:२०

काका, कॅलेंडर वाचून अंगावर काटा आला.

---

सर्वेअर सांगतो | २ जून, १:१७

विम्याच्या धंद्यात आहे, म्हणून तेवढंच बोलतो.

लोक विमा उतरवतात गाडीचा, घराचा नाही. २०२१ पासून 'भारत गृह रक्षा' नावाची प्रमाणित पॉलिसी आहे. पूर, भूकंप, वादळ त्यात येतं. इमारतीचा विमा घेतला की त्याच्या २० टक्क्यांपर्यंत, कमाल दहा लाख, घरातलं सामान आपोआप धरलं जातं. रक्कम ठरवताना फ्लॅटचा बाजारभाव घालू नका. बांधायला किती लागेल ते घाला, जमीन वाहून जात नाही. लिफ्ट, पंप, जनरेटर, कंपाउंड ही सामाईक मालमत्ता, तिची पॉलिसी सोसायटीनं वेगळी घ्यायची. ती नसते म्हणून तर साडेतीन महिने लागतात.

आता 'आधी' काय करायचं? मेमध्ये अर्धा दिवस काढून फोनवर व्हिडिओ करा. प्रत्येक खोली, कपाट उघडून, फ्रिजच्या मागचा नंबर, पंपावरची पट्टी. तो पुण्याबाहेरच्या कुणाला तरी पाठवून ठेवा. पुरानंतर मी येतो तेव्हा लोकांनी घर धुऊन, सामान भंगारात देऊन टाकलेलं असतं, आणि मग माझ्यावर चिडतात. फोटो काढल्याशिवाय काहीही फेकू नका.

आणि पाण्यातून निघालेली गाडी सुरू करू नका हो! इंजिनात पाणी गेलं असेल तर किल्ली फिरवलीत की कनेक्टिंग रॉड वाकतो. इंजिन प्रोटेक्शन हा जादा विमा घेतलेला नसेल तर तो खर्च तुमचा. सुरू करून बघायचा मोह आवरत नाही आपल्या लोकांना.

---

खडूस कोथरूडकर | २ जून, १:२५

सर्वेअर, तुमच्या कंपनीचा फोन लागत नाही तो किती टक्के धरायचा?

---

सर्वेअर सांगतो | २ जून, १:२९

तो आपोआप धरलेला असतो :)

---

भाड्याने राहतो | २ जून, ४:४८

इथे सगळे 'फ्लॅटधारक' म्हणून बोलताहेत. मी त्याच रस्त्यावर तळमजल्यावर भाड्याने होतो. गादी, फ्रिज, लॅपटॉप, बायकोची शिलाई मशीन, सगळं गेलं. पंचनाम्याला माणूस आला तेव्हा सोसायटीच्या यादीत नाव मालकाचं. मालक परदेशात. माझा करार नोंदवलेला होता पण कागद पाण्यात. ते सिद्ध करता करता महिना गेला, आणि मालकांनी डिपॉझिटमधून रंगाचे पैसे कापले ते वेगळंच.

तुमच्या पानावर पहिली यादी मालकांची नको, राहणाऱ्यांची करा. पीजीतली पोरं, वॉचमनचं कुटुंब, इस्त्रीवाला. दर जूनमध्ये नवी.

---

नदीकाठचा सेक्रेटरी | २ जून, ५:०२

हे डोक्यातच नव्हतं. आमच्या वॉचमनच्या खोलीचा पंचनामाच झाला नाही, कारण कागदोपत्री ती 'मीटर रूम' आहे. लाज वाटते लिहिताना.

---

लातूरची लेक | २ जून, रात्री १०:३६

मी औशाकडची. ३० सप्टेंबर १९९३ ला मी सहावीत होते. पहाटे चारच्या सुमारास भूकंप झाला. अनंत चतुर्दशी झाली होती, गणपती बोळवून लोक गाढ झोपले होते. दोन-दोन हात रुंद दगड-मातीच्या भिंती आणि वर मातीचं माळवद. कळ आली नि सगळं अंगावर.

पुण्याचा आमच्याशी संबंध आहे, बऱ्याच पुणेकरांना ठाऊक नसतो. भूकंपग्रस्त भागातली बाराशेच्या आसपास मुलं भारतीय जैन संघटनेनं वाघोलीला आणून शिकवली. खिचडी दोन आठवड्यांची असते, ही शाळा कित्येक वर्षांची होती. माझी एक मैत्रीण तिथे शिकली. ती म्हणते, घर मिळालं त्यापेक्षा रोज सकाळी कुणीतरी "उठा" म्हणून ओरडायचं त्यानं सावरले.

आमच्याकडे ५२ गावं नव्या जागी उठवली. घरं तीन मापांची, जमिनीप्रमाणे : अडीचशे, चारशे आणि साडेसातशे चौरस फूट. म्हणजे जुन्या गावात भावकी शेजारी-शेजारी होती, नव्या गावात माप शेजारी-शेजारी आलं. रस्ते इतके रुंद की समोरच्या ओसरीवरची बाई दिसते पण बोलायला ओरडावं लागतं. शेत लांब पडलं. गुरं कुठं बांधायची ते नकाशात नव्हतंच. भूकंपात टिकणारी घरं होती, मी वाईट म्हणत नाही. पण नकाशा काढताना बाईमाणसाला कुणी विचारलं असतं तर चुलीचा धूर कुठं जाणार हे तिनं सांगितलं असतं.

जी गावं जागेवरच राहिली तिथं दुसरी रीत होती. पैसे आणि सामान हप्त्यानं, घर ज्याचं त्यानं दुरुस्त करायचं, इंजिनियर तपासणार. स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेतर्फे गावोगावच्या बाया संवाद साहाय्यक झाल्या. कोपऱ्यांना सळई कशी, पट्टा कुठं, हप्ता कधी, हे त्या दारोदार सांगायच्या. माझी मामी त्यातली. चौथी शिकलेली, पण अजून कुणाच्याही नव्या घराच्या भिंतीवर टकटक करून बघते.

---

खडूस कोथरूडकर | २ जून, रात्री १०:५८

ताई, यावर विनोद सुचत नाही. धन्यवाद लिहिल्याबद्दल.

---

टोकियोकर | ३ जून, पहाटे ५:१०

लातूरची लेक, 'माप शेजारी आलं' हे कोबेलाही झालं. १७ जानेवारी १९९५ च्या भूकंपानंतर तात्पुरती घरं वाटली ती सोडतीनं, म्हाताऱ्या आणि अपंग माणसांना प्राधान्य देऊन. हेतू उत्तम. पण परिणाम असा की एकेकटी म्हातारी माणसं शहराच्या टोकाला, अनोळखी शेजारात जाऊन पडली. कित्येक जण एकटेच वारले आणि कित्येक दिवस कुणाला कळलं नाही.

त्यातून टोकियोनं एक गोष्ट उचलली, 'जिझेन फुक्को'. जिझेन म्हणजे आधी, फुक्को म्हणजे पुन्हा उभं राहणं. धाग्याचं नावच आहे हे. मोहल्ल्यातली माणसं, पालिकेचे लोक, वास्तुरचनाकार मिळून सराव करतात. बादल्या आणि शिड्यांचा नाही, त्याच्या पुढचा. 'समजा परवा भूकंप झाला. आता तिसरा महिना आहे. तात्पुरती घरं आपल्याच भागात कुठल्या मैदानावर? दुकानं कुठे मांडायची? गल्ली रुंद करायची तर कुणाची भिंत मागे?' गल्लीतून फिरतात, नकाशावर रंग लावतात, भांडतात. भांडण आधी होऊन जातं हा मोठा फायदा.

२०११ च्या त्सुनामीनंतर इवानुमा नावाच्या गावानं तात्पुरत्या घरांतही आणि नव्या वसाहतीतही वस्त्या फोडल्या नाहीत, जुने शेजारी एकत्र ठेवले. सगळ्या जपानात जमलं असं नाही. तिथे जमलं.

---

पर्वतीचा पप्पू | ३ जून, सकाळी ८:४४

जपान ठीक आहे, पण आपल्याकडे असा सराव ठेवला तर लोक चहा पिऊन जातील.

तरी एक सांगतो. गल्लीची सगळ्यात पक्की यादी महापालिकेकडे नाही, गणपती मंडळाच्या वर्गणीच्या वहीत असते. कुठल्या घरात कोण, कुणाचा मुलगा बाहेर, कोण रडत पैसे देतं, कोण न मागता देतं. मंडळाकडे मांडव असतो, जनरेटर असतो, रात्रभर जागणारी पोरं असतात आणि दहा दिवसांचा हिशोब फळ्यावर लावायची सवय असते (लावतात तिथे!). २०१९ ला आंबिल ओढ्याला पूर आला तेव्हा आमच्याकडे पहिला आठवडा मंडळानंच काढला. मग सगळे आपापल्या कामाला गेले. मंडळानं दहा दिवसांऐवजी वर्षाचं काम अंगावर घेतलं तर?

---

मुक्ता_ | ३ जून, ८:५०

वर्गणीची वही!! हे भारी आहे.

---

खडूस कोथरूडकर | ३ जून, ९:०३

आणि पुनर्वसनाचं उद्घाटन डीजे लावून.

---

ओढ्याकाठची | ३ जून, दुपारी २:२०

पप्पू, तुम्ही मांडवाचं म्हणताय ती रात्र मला आठवते. २५ सप्टेंबर २०१९. मी वस्तीत बचत गटांचं काम करते.

सोसायटीवाल्यांसाठी दोन ओळी. तुमच्याकडे पाणी येतं तेव्हा तुमच्या घरी कामाला येणाऱ्या बाईच्या घरी ते आधी आलेलं असतं. तिला पहिल्या दिवशी धान्य लागतं, दुसऱ्या दिवशी रेशन कार्ड. कार्ड भिजलं की सगळं अडतं. पंचनामा, मदत, पोरांचा शाळेचा दाखला, सगळं. आम्ही आता दर मेमध्ये एक संध्याकाळ बसतो. रेशन कार्ड, आधार, बँकेचं पुस्तक, वीजबिल यांचे फोटो आणि पोरांकडून डिजिलॉकर. मूळ कागद प्लॅस्टिकच्या डब्यात, डबा उंचावरच्या नातेवाइकाकडे. खर्च डब्याचा, ऐंशी रुपये.

आणि काम. पूर आला की बायांची धुणीभांडी बंद होतात, कारण तुमचीच घरं बंद. मग पैसे घ्यायला ती बचत गटाकडे येत नाही, सावकाराकडे जाते, कारण गट हप्ता मागेल ही भीती. त्या महिन्यात हप्ता थांबवायचा हे आम्ही ठरावात आधीच लिहून ठेवलंय. तुम्हीही लिहा : बाईचा पगार दोन महिने चालू. एवढंच.

---

संपादक मंडळ | ३ जून, २:४१

धरणातून पाणी सोडण्याच्या वेळेवरून चाललेले सात राजकीय प्रतिसाद उडवले आहेत. त्यासाठी वेगळा धागा आहे.

---

प्लिंथ पातळी | ३ जून, सायंकाळी ६:३३

सिव्हिलवाला आहे. सेक्रेटरीसाहेब, एक प्रश्न तुम्ही टाळलाय. इमारत वापरायोग्य राहिलीच नाही तर?

निळी पूररेषा म्हणजे साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे शंभर वर्षांतल्या एकदाची. 'शंभर वर्षांतून एकदा' याचा अर्थ 'आता ९९ वर्षं निवांत' असा नाही. दर पावसाळ्यात एक टक्का शक्यता, एवढाच. निळ्याच्या आत नवीन बांधकामाला मनाई. जुनी अधिकृत इमारत नव्यानं बांधायची तर पाटबंधारे खात्याचं ना-हरकत लागतं आणि जोतं लाल रेषेच्या पातळीहून ०.४५ मीटर वर. म्हणजे तळमजल्यावर राहणारे वर सरकणार. मग त्यांना कुठला मजला, किती क्षेत्र? आज विचारा, शांतपणे उत्तर मिळेल. पडझडीनंतर वकील मिळतील.

त्याआधी सांगा, कन्व्हेयन्स, म्हणजे जमीन सोसायटीच्या नावावर, झालंय का?

---

नदीकाठचा सेक्रेटरी | ३ जून, ६:४०

नाही.

---

प्लिंथ पातळी | ३ जून, ६:४४

मग बाकीची पानं नंतर. जमीन अजून कागदावर बिल्डरचीच. नारायणपेठी काकांनी लिहिलंय ते पुन्हा वाचा. बिल्डर सही करत नसला तरी होतं त्या डीम्ड कन्व्हेयन्सचा अर्ज हा पूर्वतयारीचा भाग आहे, दोर-टॉर्चइतकाच.

नवी जागा म्हणजे सुरक्षित जागा असंही नाही. माळीण बघा. ३० जुलै २०१४ ला दरड कोसळून दीडशेच्या वर माणसं गेली. नवं गाव आमडे इथे वसवलं, एप्रिल २०१७ मध्ये ताबा दिला, आणि पहिल्याच पावसाळ्यात भराव खचला, तडे गेले. डोंगर कापून भराव घातला की एक-दोन पावसाळे तो बसू द्यावा लागतो. माणसांना तीन वर्षं पत्र्याच्या शेडमध्ये ठेवल्यावर 'अजून दोन पावसाळे थांबा' कोण म्हणणार? म्हणून जागा आधी शोधून, तपासून ठेवायची असते.

आजच्या आज करण्यासारखं एक : मीटर, लिफ्टचं पॅनेल आणि पंपाचं स्टार्टर पहिल्या मजल्यावर घ्या.

---

डॉ. साधी सर्दी | ३ जून, रात्री ९:१५

माझ्याकडे पुरानंतर पाचव्या-सहाव्या महिन्यात लोक येतात. झोप नाही, पाऊस वाजला की छातीत धडधड. म्हणतात, "डॉक्टर, तेव्हा तर मी एकदम खंबीर होतो." तेव्हा असतातच. पानावर एवढं लिहा की सहाव्या महिन्यात कुणीतरी प्रत्येक दार वाजवेल. काही विचारू नका, चहाला बसा.

---

नारायणपेठी | ४ जून, सकाळी ७:०२

डॉक्टर, वडील १९८० पर्यंत जुलैत रात्री उठून अंगणात जायचे. आम्हाला वाटायचं दार बघायला जातात.

---

भाड्याने राहतो | ४ जून, १०:१९

अवांतर : शिलाई मशीन दुरुस्त झालं. धाग्याला कळवावंसं वाटलं.

---

अनुजा पाध्ये-नव्हे | ४ जून, १०:२१

हे अवांतर नाही.

---

नदीकाठचा सेक्रेटरी | १५ जून, रात्री १०:४७

काल जनरल बॉडी झाली. ८४ पैकी २९ आले, त्यातले सहा वड्यांसाठी. धाग्यातलं बरंच वाचून दाखवलं.

राहणाऱ्यांची यादी मंजूर. वॉचमनची खोली यादीत 'खोली' म्हणून आली. पॅनेल वर घ्यायला सिंकिंग फंडातून (मोठ्या दुरुस्तीसाठी साठवलेल्या) पैसे, एकच मत विरोधात, मंजूर (विरोध करणारे पहिल्या मजल्यावर राहतात, त्यांना गुणगुण ऐकू येईल म्हणे). सामाईक विमा मंजूर. कन्व्हेयन्सला वकील बघायचा, समिती नेमली, म्हणजे पुढच्या जूनला याच धाग्यावर भेटू. कामाच्या बायकांचा पगार यावर अर्धा तास गरमागरमी झाली. एक महिना सक्तीचा, दुसरा ऐच्छिक, असं ठरलं. ओढ्याकाठची, अर्धंच जमलं.

गाळाच्या खर्चाचं सूत्र ठरलं, दोन्ही विंगनी सही केली. आरतीचं अजून नाही.

टेकडीकडच्या एका सोसायटीशी बोललो. पूर आला तर पहिला महिना त्यांचा हॉल आमचा, बदल्यात आमच्या टँकरवाल्याचा नंबर. एका मजल्यावरच्या लोकांना तिथे एकत्रच ठेवायचं हेही लिहिलं.

एकच गोष्ट अडली. मी म्हटलं, २०२४ च्या पाण्याची रेघ पार्किंगच्या खांबावर रंगवू, तारखेसह. निम्मे म्हणाले, फ्लॅट बघायला आलेला माणूस रेघ बघून परत जाईल. निम्मे म्हणाले, जाऊ दे. शेवटी ठरलं, रेघ काढायची, पण तिच्यावर नोटीस बोर्ड लावायचा.

---

नारायणपेठी | १६ जून, सकाळी ६:५५

आजी गेली १९७४ ला. सेक्रेटरीसाहेब, तुमच्या कमिटीत आलेली दिसते.

---

खडूस कोथरूडकर | १६ जून, ७:३०

नोटीस बोर्ड किती फुटांवर लावताय? छातीइतक्या पाण्यात भिजेल की.